चोथा टाकू नकोस

अगं, काल तुझा मेसेज आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. ‘ताई, पाच दिवसांचं ज्यूस क्लीन्स करतेय. रोज सहा बाटल्या घरपोच येणार. शालूत छान दिसायचंय!’ वाचलं आणि जुडी हातातच राहिली. लगेच फोन केला असता तर माझा आवाज चढला असता आणि तू ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवून दिला असतास. म्हणून आज सावकाश लिहितेय. चहा घेऊन निवांत बस. चहाबद्दलही बोलायचंच आहे.

तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं गं. दिवाळीचा फराळ आत्ता कुठे संपला, तुळशीचं लग्न झालं, मुहूर्ताला तीन आठवडे उरले आणि मध्ये केळवणांची रांग लागलीय. आत्याकडे पुरणपोळी, मामाकडे श्रीखंड-पुरी, मैत्रिणींचं हॉटेलातलं केळवण वेगळंच. ब्लाउजची मापं देऊन झालीत. आग्रह करकरून वाढणारी माणसंच हात धुताना म्हणतात, ‘जरा अंगाने भरलीस गं.’ अशा वेळी कुणी सांगितलं की पाच दिवसांत शरीर आतून धुऊन निघेल, तर मोह होणारच. मलाही झाला होता.

हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा तू शाळेत होतीस. माझ्या लग्नाच्या महिनाभर आधी मी चार दिवस नुसत्या रसांवर काढले. पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठडा धरून पायरीवरच बसले. तळहात गार पडले होते, तोंडाला कोरड पडली होती. चौथ्या दिवशी काट्यावर वजन दोन किलो कमी दिसलं आणि ते सगळं विसरायला झालं. त्या रात्री आईने एक शब्द न बोलता मऊ भात, मेतकूट आणि साजूक तूप कालवून ताट माझ्यापुढे सरकवलं. पहिला घास घेतला आणि मला रडूच आलं. आठवड्याभरात दोन्ही किलो परत आले होते.

ते किलो गेले कुठे आणि आले कुठून, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. सगळा मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पोटात पुरेसं अन्न गेलं नाही की शरीर आधी हा साठा वापरतं आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. काटा खाली येतो तो बराचसा या पाण्यामुळे. पुन्हा नीट जेवायला लागलं की साठा भरतो आणि पाणीही परत येतं. चरबी तेवढ्या दिवसांत फार थोडी हलते.

उलट जायला नको ते जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझं वजन पंचावन्न किलो धरलं तर साधारण पंचेचाळीस ग्रॅम. फळांच्या आणि भाज्यांच्या रसातून त्यातली किती मिळणार? अगदी थोडी. उरलेली गरज शरीर स्वतःचे स्नायू मोडून भागवतं. मांडवात दिवसभर तुला ज्यांच्या जिवावर उभं राहायचंय, तेच हे स्नायू.

आणि ‘आतून धुणं’ म्हणशील, तर ते काम शरीर रोजच करतंय. तुझी दोन मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं कामाचं जवळजवळ सगळं परत घेतात आणि लिटर-दीड लिटर तेवढं बाहेर टाकतात. यकृत रात्रंदिवस जागं असतं. बाटलीतल्या रसाने त्यांच्या कामात भर पडत नाही. त्यांना हवं असतं वेळेवर पाणी, पुरेशी झोप, बेताचं मीठ आणि रोजचं नीट जेवण.

आता मुख्य गोष्ट सांगते. काल तुझ्यासाठी म्हणून मी मुद्दाम घरी गाजराचा रस काढून पाहिला. हल्ली मंडईत गाजरं छान येतायत. चार मोठी गाजरं किसली, मिक्सरमधून फिरवली आणि मलमलच्या फडक्यातून पिळली. पेलाभर रस निघाला, केशरी, गोड. तो उभ्या उभ्या दोन मिनिटांत पिऊन झाला. ती चार गाजरं चावून खायला बसले असते तर दुसऱ्यालाच जबडा दुखला असता आणि पोट भरलं असतं. फडक्यात मूठभर ओला चोथा उरला. मी तो हातात घेऊन पाहत राहिले. ज्याने पोट भरतं, साखर रक्तात हळूहळू उतरते, सकाळी पोट साफ होतं, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना खायला मिळतं, ते सगळं या मुठीत होतं. आणि क्लीन्सच्या नावाखाली आपण नेमकं तेच टाकून देतो.

आपल्याला रोज साधारण तीस ग्रॅम तंतुमय पदार्थ लागतात. पोट स्वच्छ ठेवणारी झाडणी ती हीच, आणि गाळलेल्या रसात ती नावापुरतीच उरते. 2025 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही निरोगी माणसं तीन दिवस फक्त रसावर राहिली, तर तेवढ्यातच त्यांच्या तोंडातल्या जिवाणूंचा समतोल बिघडून दाह वाढवणारे जिवाणू वाढलेले दिसले. अभ्यास लहान आहे, त्यावरून घाबरायचं नाही. पण ज्याला आपण शुद्धी म्हणतो, त्यातून उलटंही घडू शकतं एवढं लक्षात ठेव.

साखरेचंही तसंच. अख्ख्या फळातल्या साखरेवर जागतिक आरोग्य संघटनेचा आक्षेप नाही. पण तेच फळ पिळून रस केला की 2015 च्या तिच्या मार्गदर्शनानुसार ती साखर चहातल्या साखरेच्याच हिशेबात धरायची. दिवसभरात ती पंचवीस ग्रॅमच्या आत असलेली बरी, असं तीच संघटना सुचवते. संत्र्याच्या रसाच्या एका पेल्यातच जवळपास तेवढी भरते. तुझ्या तर सहा बाटल्या आहेत! आणि खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नकोस. ‘शंभर टक्के फळांचा रस’ असं छापणं बंद करा, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2024 च्या जूनमध्ये कंपन्यांना बजावलं, कारण कितीतरी ‘रस’ म्हणजे पाणी घातलेला अर्क असतो.

दोन धोके मात्र स्पष्ट सांगायलाच हवेत. पहिला दुधीचा. दुधीचा रस आपल्याकडे बागेत फिरायला जाणारी मंडळी कौतुकाने पितात. पण एखादा दुधी कडू निघतो. त्या कडूपणात कुकरबिटासिन नावाचं विष असतं, आणि त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. 2018 मध्ये आपल्या पुण्यातही एका बाईचा असाच जीव गेला. म्हणून दुधी कापल्यावर आधी पातळ चकती जिभेच्या टोकाला लावून बघायची. किंचित कडू लागली तरी थुंकून टाकायची आणि अख्खा दुधी फेकून द्यायचा. मध घालून, आवळा घालून, शिजवून तो कडूपणा झाकायचा नाही. शिजवल्याने ते विष जात नाही. काकडी आणि दोडक्याचंही तसंच. पिऊन झाल्यावर मळमळ किंवा उलटी झाली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

दुसरा धोका पालकाचा. पालकाची भाजी, पालकाची आमटी खुशाल खा. पण रोज मोठे पेले भरभरून कच्च्या पालकाचा आणि बिटाचा रस प्यायलं तर त्यातलं ऑक्झलेट मूत्रपिंडात साठू शकतं. हिरव्या स्मूदींच्या क्लीन्सनंतर एका बाईंची मूत्रपिंडं कायमची निकामी झाल्याची नोंद 2018 च्या एका वैद्यकीय नियतकालिकात आहे. त्यांच्या बाबतीत धोका वाढवणारी काही कारणं आधीपासून होती, हे खरं. पण आपल्या आत काय चाललंय ते आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं? आणि हो, बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नकोस, तो बिटाचा रंग असतो.

तुझी मैत्रीणही तुझ्याबरोबर करणार म्हणालीस ना? तिला माझा निरोप दे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, मूत्रपिंडाची तक्रार असेल, रक्त पातळ राहण्याचं औषध असेल, दिवस गेले असतील, अंगावरचं बाळ असेल, किंवा आधी कधी खाण्या-न खाण्यावरून मनाचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करायचं नाही.

आता म्हणशील, ‘ताई, मग मी करू काय?’ सांगते. त्या क्लीन्सवाल्यांनी तुला आधीच्या आठवड्याची ‘तयारी’ म्हणून यादी पाठवलीय ना? चहा कमी करा, मैदा-साखर बंद, तळलेलं नको, भाज्या वाढवा, लवकर झोपा. अगं, औषध आहे ते त्या यादीतच. पाच दिवसांचा रस सोडून दे आणि तयारीच तीन आठवडे कर. शालूत फरक पडलाच तर तो तिच्यामुळे पडेल.

पहिला आठवडा फक्त चहाचा. दिवसाला पाच कप घेतेस, प्रत्येकात दोन चमचे साखर. एकदम तोडलास तर दुसऱ्याच दिवशी माझ्यासारखं डोकं धरून बसशील. चहातलं कॅफिन अचानक थांबलं की डोकं दुखतंच, आणि लोक त्याला ‘विष बाहेर पडतंय’ म्हणतात. म्हणून दर दोन दिवसांनी एक कप कमी कर, दोनवर येऊन थांब, साखर अर्धा चमचा. आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नको. जेवणातलं लोह अंगाला नीट लागू देत नाही तो.

लोहावरून आठवलं. उद्याच्या उद्या रक्त तपासून घे. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलंय. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर चेहरा ओढलेला दिसणार, जिना चढताना धाप लागणार, आणि कितीही बीट प्यायलीस तरी ते तेवढ्याने भरून निघणार नाही. डॉक्टर देतील ती गोळी घे, जोडीला मेथीच्या भाजीवर लिंबू पिळ, थंडीचा अळिवाचा लाडू खा. तुला हवंय ते तेज रक्तातून येतं गं.

दुसऱ्या आठवड्यापासून ताट बदल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 मध्ये आपल्यासाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाकाठी दोन हजार कॅलरींचं ताट धरलं तर त्यात 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 250 ग्रॅम धान्यं, 85 ग्रॅम डाळी-उसळी किंवा अंडी-मासे-मटण, 300 मिलिलिटर दूध-दही आणि 35 ग्रॅम दाणे-तीळ-जवस. ग्रॅम मोजत बसू नकोस. एवढंच बघ की ताटाचा निम्मा भाग भाजी, कोशिंबीर आणि फळांनी भरलाय. आपल्या घरी पोळ्या चार आणि भाजी डावभर, असं असतं. ते उलटं कर. दीड भाकरी, दोन वाट्या भाजी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, कोशिंबीर, ताक.

आणि दिवस किती चांगले आहेत! मेथी, चाकवत, पातीचा कांदा, मटार, मुळा, पापडी, सगळं मंडईत ढिगाने पडलंय. आवळे आलेत, पेरू आलेत. रस विकत घ्यायची गरज काय? संध्याकाळी चारला भूक लागली की मीठ लावून पेरू खा, बियांसकट, चावून. सकाळी बिस्किटांऐवजी मुगाचं धिरडं किंवा नाचणीची आंबील घे. आजी संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी करायची, आठवतं? गाजर, वांगं, ओला हरभरा, घेवडा, वर तीळ, आणि बाजरीची भाकरी लोण्याबरोबर. त्या एका ताटात शेंगभाज्या, कडधान्य, तीळ, भरडधान्य सगळं आलं. ती त्याला क्लीन्स म्हणत नव्हती. भोगी म्हणायची आणि सगळ्यांना पोटभर वाढायची.

केळवणाचं काय, तर जायचं, आणि आनंदाने जायचं. माणसं मायेने बोलावतात, त्यांच्यासमोर ताट सरकवून बसलीस तर त्यांचंही मन मोडेल आणि तुझंही. मात्र संध्याकाळी केळवण आहे म्हणून सकाळपासून उपाशी राहू नकोस. तसं केलंस की पानावर बसल्यावर हात आवरत नाही. एकादशी, दुप्पट खाशी अशी गत होते. दुपारी साधी मुगाची खिचडी आणि ताक घे. निघताना एक गाजर किंवा काकडी चावून खा. तिथे पुरणपोळी एकच, पण तूप घालून, चवीने. दुसऱ्यांदा आग्रह झाला की सांग, ‘आत्या, उद्यासाठी डब्यात द्या.’ आत्या खूश होते आणि तुझ्या पोटालाही तडस लागत नाही. कोल्ड्रिंकला हात लावायचा नाही, एवढा नियम मात्र पक्का.

एवढं सगळं वाचूनही एक दिवस हलकं राहावंसं वाटलं तर राहा. मी अडवणार नाही. पण तो एकच दिवस असू दे, सुट्टीचा, दगदग नसलेला, आणि मुहूर्ताच्या दहा दिवस आधीचा. आदल्या रात्री लवकर आणि साधं जेव. त्या दिवशी सकाळी लिंबू-सरबत, साखर नावाला. मग एक पेला ताजा रस, गाजर-आवळा-आलं घातलेला, काढल्याबरोबर प्यायचा, फ्रीजमध्ये दिवसभर ठेवून नाही. दुपारी मुगाच्या डाळीचं दाट कढण किंवा दुधीची चव बघून केलेलं सूप. चारला ताक, हिंग-जिरं लावलेलं. रात्री आमसुलाचं सार आणि मऊ भात. गरगरलं, हातपाय थरथरले, तर लगेच खायचं. एक दिवस पुरा करण्यासाठी जीव शिणवायचा नसतो.

आणि दुसऱ्या दिवशीचं पारणं सांभाळ. आपल्याकडे एकादशीइतकंच द्वादशीला महत्त्व आहे, ते उगाच नाही. रिकाम्या पोटी एकदम वडापाव पडला तर पोट बिघडणारच. सकाळी पेज किंवा खिचडी, दुपारी वरण-भात आणि भाजी, रात्रीपासून रोजचं जेवण.

लग्नाच्या दिवसाचंही आत्ताच ठरवून ठेव. गौरीहर पूजेला बसेपर्यंत काही खायचं नाही, अशी सासरच्यांची पद्धत असेल तर आई त्यांच्याशी बोलेल. दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू याला बहुतेक कुणी नाही म्हणत नाही. माझ्या पर्समध्ये लाडूची डबी असणारच आहे. होमाच्या धुरात, एवढ्या जड शालूत, एवढ्या माणसांत उपाशीपोटी उभं राहणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे.

शेवटी एकच सांगते. ‘भरलीस गं’ म्हणणाऱ्या बायका लग्नानंतरही भेटणार आहेत. बाळंतपणानंतर भेटतील, चाळिशीत भेटतील. प्रत्येक वेळी त्यांच्या एका वाक्यासाठी पाच दिवस उपाशी राहायचं ठरवलंस तर आयुष्यभर ताटाची भीती वाटत राहील. मला ते नकोय. तू भुकेला खावंस, चावून खावंस, आवडीने खावंस आणि हात धुतल्यावर मनात काही खुपू नये, एवढंच मला तुझ्यासाठी हवंय. नव्या घरात स्वयंपाकघर लावशील तेव्हा हीच सवय सोबत ने.

बाटल्यांची ऑर्डर ठेवायची की रद्द करायची, ते तू ठरव. पण रविवारी सकाळी इकडे ये. गाजरं आणून ठेवते. रस आपण दोघी अर्धा अर्धा पिऊ. मग तो चोथा परातीत घेऊ, त्यात भाजणी, बारीक कांदा, कोथिंबीर, तीळ, हिरवी मिरची घालून मळू आणि ओल्या फडक्यावर थालीपीठ थापू. मधली भोकं तू पाड, लहानपणी पाडायचीस तशी. लोणी मी आजच काढून ठेवलंय.